सुलतानचा घोळणा

पुसल्यावर पुन्हा पडला.

पहिला थेंब वैशालीने टोमॅटोचा समजून पुसला होता, आणि फडकं पिळताना तिच्या लक्षात आलं की घरात टोमॅटो नाहीतच. दुसरा थेंब फ्रीजपाशी होता. तिसरा बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर, म्हणजे जिथे उंबरा असायला हवा त्या काळ्या दगडी पट्टीवर. नेरूळच्या या नव्या इमारतींत उंबरे नसतात. थेंबांच्या शेवटी सुलतान बसला होता, पुढचे पाय जुळवून, अल्सेशियन कुत्रे कॅलेंडरवर बसतात तसा. त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्ताची बारीक धार ओठापर्यंत आली होती आणि ती तो मधूनमधून चाटत होता, तक्रार न करता, एखाद्याने घसरणारा चष्मा वर सरकवावा तितक्या सवयीने. वैशालीला आधी हसू आलं. मग वाटलं, आता हेही आपणच निस्तरायचं. मग, फडकं धुऊन वाळत घातल्यावर, तिच्या मनात एक शब्द आला आणि सगळं सोपं झालं. घोळणा. सुलतानचा घोळणा फुटला. मे महिना आहे, उष्णता झाली, एवढंच.

घोळणा म्हटलं की वाई. शाळेत प्रार्थनेला उन्हात उभं असताना ओठावर काहीतरी कोमट यायचं, जिभेला खारट, लोखंडी लागायचं, आणि मागून कोणीतरी ओरडायचं, बाई, वैशीचा घोळणा फुटला! मग घरी पाठवत. आईचा हात एरवी अंगाला लागायचा तो वेणी घालताना, आणि तोही ओढून. ती आई त्या दिवशी न्हाणीघरात तिची मान नळाखाली धरायची, टाळूवर पाणी थोपटत राहायची. पांढरा कांदा बुक्कीने फोडून नाकाशी धरायची. मग साय घातलेला दहीभात, आणि खिडक्या लावून अंधार केलेल्या खोलीत आईच्या शेजारच्या गादीवर झोपायची मुभा. त्या दुपारी आई भांड्यांचा आवाज करत नसे. फार दिवस घोळणा फुटला नाही तर वैशाली मधल्या सुट्टीत मुद्दाम उन्हात उभी राही. पुढे, मोठी झाल्यावर, तो बंदच झाला. घरच्यांना बरं वाटलं. तिने मात्र बरेच दिवस, उन्हातून आल्यावर, आरशासमोर उभं राहून नाकाकडे बघितलं.

कांदा फोडला. सुलतानच्या नाकाशी धरला. तो शिंकला, आणि फ्रीजच्या पांढऱ्या दारावर लाल ठिपक्यांचा एक पंखा उमटला. ओला टॉवेल त्याच्या डोक्यावर ठेवला तेव्हा वैशालीला जाणवलं की या डोक्याला आपला हात लागल्याचं आठवत नाही. सुलतान नवऱ्याने, नंदकुमारने, आणलेला. मस्कतची नोकरी लागली, मुलगी सांगलीच्या हॉस्टेलवर, आजूबाजूच्या निम्म्या इमारती रिकाम्या, मागे खाडीपर्यंत नुसतं गवत. एकट्या बाईला सोबत हवी म्हणून त्याने पिल्लू आणलं, त्याला नाव दिलं, फोटो काढला आणि विमानात बसला. नंतर ती दोघं एका घरात दोन भाडेकरूंसारखी राहिली. सकाळ-संध्याकाळ ती त्याच्या ताटलीत दूध-पोळी ओतायची. फिरवायला वॉचमन सिताराम न्यायचा. बेल वाजली की सुलतान भुंकायचा, ते त्याच्या बाजूचं भाडं. सोसायटीतले लोक म्हणायचे, अख्ख्या नवी मुंबईत हा एकच शाकाहारी अल्सेशियन. ती हसायची. त्याच्या कानांत करड्या मण्यांसारखं काहीतरी चिकटलेलं तिने मागे कधीतरी पाहिलं होतं. पाहिलं होतं, इतकंच.

रक्त थांबेना, तेव्हा सिताराम म्हणाला, "वैनी, रिक्षा आणतो. आमच्याकडं गावाला बैलाला असं झालतं. पण त्ये बैल होतं." पुढे बैलाचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही.

डॉक्टर ठोंबरे मूळचे फलटणकडचे. गाई-म्हशींत वय घालवून दोन वर्षांपूर्वी त्यांनी इकडे गाळा घेतला होता. त्यांनी विचारलं, ताप कधीपासून आहे? (माहीत नाही.) जेवण? (कमी. उन्हाळ्यामुळे असेल.) वजन उतरलंय? (केस आहेत ना, कळत नाही.) लघवीचा रंग? (सिताराम?) सितारामने मान खाली घातली. प्रश्न संपले तेव्हा वैशालीला परीक्षेत कोरा पेपर दिल्यासारखं वाटलं; त्यात लाज कमी आणि हलकेपण जास्त होतं. डॉक्टरांनी सुलतानचा ओठ वर केला. हिरडी गुलाबी असायला हवी, ती उकडलेल्या बटाट्याच्या रंगाची होती. त्याला कुशीवर वळवून पोटाची उघडी कातडी दाखवली: टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, कितीतरी. काचेची पट्टी त्यांच्यावर दाबली.

"पिसू चावली असती तर दाबल्यावर लाली गेली असती. ही जात न्हाई. कातडीच्या आत रक्त पाझरलंय. वहिनी, हे ऊन न्हवं."

"घोळणा नाही?"

"घोळणा माणसाला. ह्याचं रक्त गोठवणाऱ्या कणिका, प्लेटलेट, त्याच संपल्यात." त्यांनी कान उलटा केला. करडे मणी होते, द्राक्षांच्या मनुका व्हायच्या आधी असतात तसे फुगलेले. एक चिमट्याने ओढून त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत टाकला. "ह्या गोचिडी. ही चावते तेव्हा तिच्या थुंकीतनं एक जंतू आत जातो. एर्लिशिया. साधा जंतू रक्तात उघड्यावर फिरतो. हा पांढऱ्या पेशीत घर करून ऱ्हातो. जी पेशी जंतूला मारणार, तिच्याच पोटात."

कानाच्या टोकाला सुई टोचून त्यांनी थेंब काचेवर ओढला. टोचल्या जागेवरचं रक्त मात्र वाहतच राहिलं. सिताराम कापूस धरून बसला. काच रंगवून, वाळवून डॉक्टर बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत होते. मग म्हणाले, या, बघा. निळसर पेशीत तुतीच्या फळासारखा घोस दिसेल. वैशालीने डोळा लावला. तिला आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या, आडव्या, काळ्या, प्रचंड. मग जांभळट उजेड. मग खरोखरच एक तुती. कोणाच्या तरी आत बसलेली, शांत, राहायला आलेली. तिला ती, खरं सांगायचं तर, सुंदर वाटली.

रक्त मोजायला माणसांच्या लॅबमध्ये पाठवावं लागे. कुत्र्यांची लॅब इकडे नव्हती. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं, सुलतान, वय चार. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मॅडम, तुमच्या बाळाच्या प्लेटलेट फारच कमी आल्यात, ताबडतोब ॲडमिट करा, टाइम घालवू नका. मुलाच्या अंगावर पुरळ आहे का? हो, वैशाली म्हणाली. ताप आहे? आहे. घरी कोण कोण असतं? मीच, ती म्हणाली. लॅबमधला मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, टेन्शन घेऊ नका, मॅडम, लवकर धरलंय, बरा होईल. तिने थँक्यू म्हणून फोन ठेवला. आपण त्याला खरं का सांगितलं नाही, हे तिला शोधायचं होतं. सापडलं नाही. मात्र तो 'बरा होईल' तिने ठेवून घेतला.

टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल. दिवसातून तीनदा, तीन आठवडे, कमी नाही. दोन-तीन दिवसांत ताप उतरेल, मग फसू नका, चालूच ठेवा. आणि रिकाम्या पोटी.

रिकाम्या पोटी?

हे, ती दवाखान्याच्या दाराशी पोचल्यावर, डॉक्टर म्हणाले होते, आणि घरी आल्यावर वैशालीला त्यांतले सगळे शब्द आठवत होते. पण रिकाम्या पोटी इतकं कडक औषध? या गोळ्या उष्ण असतात हे कोणत्या बाईला माहीत नाही? आधीच नाकातून रक्त, त्यात आतडी भाजायची. डॉक्टर गुरांचे. गाईच्या पोटाचं त्यांना कळत असेल. शिवाय कॅप्सूल घशात घालायची म्हणजे त्या जबड्यात हात घालायचा, आणि ते दात ती रोज लांबून बघत आली होती. तिने भात मऊ शिजवला, कालवला, साय घातली, दही घातलं, आणि मधोमध कॅप्सूल लपवली. सुलतानने तिच्या बोटांवरून भात चाटला. खरखरीत, गरम जीभ. चार वर्षांत पहिल्यांदा. मग ती त्याच्यापाशी फरशीवरच बसली. आपल्या पलंगाशेजारी तिने त्याला गोधडी घातली, खिडक्या लावून अंधार केला. दुपारची भांडी हळू घासली. असले दिवस तिला पूर्वी कधीतरी मिळाले होते, फक्त तेव्हा ती गोधडीवर होती. सुलतान झोपेत पाय हलवायचा आणि ती त्याच्या कपाळावर हात ठेवायची. कपाळ तापलेलं असायचं. उतरेल, ती म्हणायची. दिवसातून तीनदा दहीभात. सिताराम म्हणाला, वैनी, नवरा आला तर वळखायचा न्हाई तुमाला. ती लाजली, आणि लाजल्याचं तिला नवल वाटलं.

ताप उतरला नाही. हिरड्या बटाट्याच्याही राहिल्या नाहीत, कागदाच्या झाल्या. एका सकाळी तो उठायला गेला आणि मागचे पाय त्याच्यामागून आलेच नाहीत.

"असं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुन्हा काच रंगवली, पुन्हा बघितली. "तुती जशीच्या तशी. औषध लागतच न्हाई म्हणजे काय? वहिनी, कॅप्सूल देताय ना?"

"वेळच्या वेळी."

"कशातनं?"

"दहीभातातून."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग अगदी साध्या आवाजात, शेतकऱ्याला सांगावं तसं सांगितलं. दुधात, दह्यात चुना असतो, म्हणजे कॅल्शियम. हे औषध त्या चुन्याला चिकटून बसतं आणि आतड्यातनं रक्तात जातच नाही. आलं तसं बाहेर पडतं. म्हणून रिकामं पोट. एवढे दिवस कुत्र्याला औषध मिळालेलंच नाही. "चूक माझी. रिकाम्या पोटी म्हणलो, पण दूध नको असं फोडून सांगायला पाहिजे होतं." हे ते तिला बरं वाटावं म्हणून म्हणत होते हे तिला कळलं, आणि ते तिला आवडलं नाही. "आता औषध लागू पडेपर्यंत हा टिकला पाहिजे. त्याला रक्त लागेल. दुसऱ्या कुत्र्याचं. थोराड, धडधाकट, अंगावर गोचीड नसलेला. पहिल्यांदा देताना सहसा कुठल्याही कुत्र्याचं चालतं. उद्या दुपारपर्यंत बघा. पुढचं मी सांगू शकत न्हाई."

त्या संध्याकाळी मस्कतहून नंदकुमारचा फोन. दर शुक्रवारी यायचा. लाइनवर तिला स्वतःचंच बोलणं अर्ध्या क्षणाने परत ऐकू येत होतं.

हॅलो. हॅलो, हो, बोला. … सुलतान आजारी आहे. … नाही, जास्त. … डॉक्टर म्हणतात रक्त लागेल. … कुत्र्याचं, माणसाचं कसं चालेल? … हसताय काय? … हो. … हो, कळतंय मला, तुम्ही तिथून काय करणार. … दुसरा? … हं. … हं. … नाही, मी ठीक आहे. … ठेवते.

जाऊ दे, मी आलो की दुसरा घेऊ, असं तो म्हणाला होता. वाईट माणूस नव्हता तो. तिच्यावरचं ओझं उतरवत होता. फोन ठेवल्यावर वैशालीने ते उतरलेलं ओझं तपासून पाहिलं. सुलतान मेला तर सकाळ-संध्याकाळचं दूध वाचेल. केस झाडायला नकोत. रात्री उठून दार तपासावं लागेल, बस. आपल्याला तो जगायला हवा आहे का, हा प्रश्न तिने स्वतःला अगदी सरळ विचारला. गोधडीवरचा तो केसाळ ढीग श्वास घेत होता, मधे थांबत होता, पुन्हा घेत होता. त्याच्याविषयी तिला जे वाटत होतं त्याला माया म्हणायला ती तयार नव्हती. माया तिने भातात कालवून घातलीच होती. राहिलेली गोष्ट लहान आणि टोकदार होती. कुत्रा मरतो तर मरो. पण माझ्या हातच्या दहीभाताने नको.

सकाळी ती शिरवण्याच्या गावठाणात गेली. रस्ता ओलांडला की पाच मिनिटांवर, आणि ती तिथे कधी गेली नव्हती. भिमाबाई मासे विकायला इमारतीत यायची, टोपली घेऊन जिन्याखाली सावलीला बसायची आणि वैशालीकडून पाणी मागून घ्यायची; तिच्यामागोमाग एक दांडगा काळा कुत्रा यायचा, एवढीच ओळख. भिमाबाई दारात सुकट निवडत होती. शेजारी दोन बायका होत्या.

"काय गो बाय? मासं खात नाय म्हनून नाक दाबून जिना उतरतेस, आन् आज थेट आमच्या दारात?"

"मावशी, तुमचा कुत्रा…"

"काल्या? काय केलान? चावला कोनाला?"

"नाही. त्याचं रक्त हवंय."

भिमाबाईने सूप खाली ठेवलं. "आयकलंव काय गो?" ती शेजारणींना म्हणाली. "पयलं शेत नेलं. मंग मिठागर नेलं. आता कुत्र्याचं रगत पन पायजे ह्यांना!"

बायका हसल्या. वैशालीही हसली असती, पण तिचा चेहरा वळला नाही.

"मी नाही नेलं, मावशी."

"तू नाय तर तुझ्या बिल्डिंगीनं. तुझ्या जिन्याखाली माझ्या सासऱ्याचं खाचर व्हतं. भात व्हायचा तिथं, हात हात उंच."

म्हणजे ती तिथे सावलीसाठी बसत नव्हती. की सावलीसाठीच बसत होती, आणि जागा योगायोगाने तीच होती? वैशालीला एकदम पायाखालच्या त्या जिन्याच्या पायऱ्या आठवल्या, रोज पुसलेल्या, आणि खाली ओल. आता परत जावं असं तिला वाटलं. पण परत जायचं म्हणजे त्या गोधडीपाशीच जायचं.

"आता बोलतेस, का खांबासारखी उबी ऱ्हातेस?"

"त्याला गोचिडीचा ताप आहे," वैशाली म्हणाली. "डॉक्टरांनी औषध दिलं. रिकाम्या पोटी द्यायचं होतं. मी दहीभातातून दिलं. ते लागलंच नाही. आता त्याच्यात रक्त उरलं नाही. माझ्यामुळे." हे सगळं ती एका सुरात बोलली, पत्ता सांगावा तशी.

"दहीभात?" भिमाबाई म्हणाली. "त्या एवढ्या वाघाला?" आणि ती अशी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. "जल्लं मेलं! दुसऱ्या कशानं नाय, बामनाच्या दहीभातानं मारलान!" हसणं ओसरल्यावर तिने डोळे पुसले, वैशालीकडे नीट बघितलं आणि उठली. "चल. जमिनीच्या कागदावर काय तुझ्या कुत्र्यानं सही केली नव्हती. पन सुई टोचताना काल्याला मीच धरनार. तो दुसऱ्या कोनाला हात लावू देत नाय. आन् मागनं त्याला मटन पायजे. सांगून ठेवते, दहीभात नाय!"

काल्याच्या अंगावर गोचीड नव्हती. भिमाबाई त्याला करंजाचं तेल चोळायची, ते डॉक्टरांना वासावरूनच कळलं. तरी त्यांनी त्याच्याही रक्ताची काच बघितली. स्वच्छ. मग त्याच्या मानेची शीर शोधली, आणि खाली ठेवलेली पिशवी गडद लाल होत भरत गेली. भिमाबाई त्याचं डोकं काखेत धरून त्याला शिव्या देत होती, एकसारख्या, हळू, अंगाई म्हणावी तशा. नंतर तीच पिशवी वर टांगली आणि सुलतानच्या पायात सुई गेली. थेंब. थेंब. दोन कुत्री दोन टेबलांवर, एकमेकांकडे न बघता. वैशाली मधे उभी होती. तिला कोणाला धरायचं नव्हतं, काही द्यायचं नव्हतं. ती नळीकडे बघत होती. डॉक्टर मधूनमधून सुलतानचा ओठ वर करत. कागद. कागद. मग बऱ्याच वेळाने, आपल्यालाच भास होतोय का असं वाटण्याइतका, बटाटा.

"रक्तानं दिवस मिळतात, इलाज मिळत न्हाई," डॉक्टर म्हणाले. "इलाज कॅप्सूलनंच. जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटायचं, गळा चोळायचा. जमेल?"

"सिताराम देईल," वैशाली म्हणाली.

सिताराम देत होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढे नाक कोरडं झालं, पोटावरचे ठिपके पिवळे होऊन विरले. वैशालीने दाराच्या चौकटीतल्या फटी, कॅलेंडरामागची भिंत, बाल्कनीतलं पोतं सगळीकडे गोचिडी शोधल्या आणि मारल्या. ते काम ती मन लावून करायची. अंधार, गोधडी, हळू भांडी बंद झालं. मटण सितारामने त्याच्या खोलीत शिजवून शिरवण्याला पोचवलं. शुक्रवारी तिने फोनवर सांगितलं, आहे, बरा आहे. पलीकडून तो म्हणाला, बघ, उगाच घाबरली होतीस. हं, ती म्हणाली, आणि लाइनने तो हं तिला परत दिला.

मग एका दुपारी कॅप्सूलची वेळ झाली आणि सिताराम खाली पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होता. वैशाली कॅप्सूल हातात घेऊन दाराशी उभी राहिली. जिन्यावर भिमाबाई चढत होती, डोक्यावर टोपली, मागे काल्या. सुलतान उठला. पाय अजून जरा लटपटत होते. त्याने मान ताठ केली आणि त्या दोघांवर भुंकायला लागला, घसा फोडून, जिना दणाणून जाईल इतक्या जोरात.

"बघ गो!" भिमाबाई ओरडली. "माझ्याच काल्याचं रगत, आन् माझ्यावरच भुकतंय!"

वैशालीने त्याला गप्प म्हटलं नाही. भुंकताना तो जबडा पुरा उघडत होता. दात, काळसर टाळू, आणि त्यामागे, खोल, ओली गुलाबी जागा. तिने हात घातला. मनगटाला दात लागले. जिभेच्या मुळाशी कॅप्सूल ठेवून तिने दोन्ही हातांनी तोंड मिटवलं आणि गळा चोळत राहिली. सुलतान तिच्याकडे बघत होता, अपमान झाल्यासारखा. भिमाबाई पायरीवर थांबून बघत होती.

गळा हलला. त्याने गिळलं. तिने हात सोडला, आणि तो पुन्हा भुंकायला लागला.